नळाची धार का बारीक होते?

विलायतेत घर उबदार ठेवायला बॉयलरचं गरम पाणी बंद नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवतात. त्या बॉयलरवर दाबाचा काटा असतो. यंत्र थंड असताना तो एक ते दीड बारच्या आसपास असावा. काटा वारंवार उतरू लागला, की घरमालक गळती शोधायला लागतो.

आमच्या पिरंगुटला घरात असा काटा नसतो. गच्चीवर टाकी, शेजारी सोलर, आणि दाब म्हणजे टाकीची उंची. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. टाकी नळापेक्षा तीन मीटर वर असेल, तर हाती जेमतेम ०.३ बार. एवढ्याशा भांडवलात थोडी खोटही लगेच जाणवते.

धार बारीक झाली, की मी आधी पाहतो, नेमकी कुठे? एकाच नळाला असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. सगळ्याच नळांना असेल, तर टाकीतली पातळी आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह पाहावा. फक्त गरम पाण्याला असेल, तर दोष सोलरच्या वाटेवर. बोअरचं पाणी जड असलं, की तापताना त्यातले क्षार नळीत थर धरतात. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असेल, तर हवा अडकते आणि नळ थुंकत थुंकत वाहतो.

गळतीचा संशय असेल, तर रात्री टाकी भरून तिच्यात येणारं पाणी बंद करा. सगळे नळ बंद ठेवा आणि काठीने पातळी मोजा. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर पाणी कुठेतरी जातंय. आधी फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका. फ्लश न करताच भांड्यात पिवळं उतरलं, तर चोर सापडला! नाहीतर रोज रात्री एकेक लाइन बंद करून पातळी पाहा. जी बंद केल्यावर पातळी टिकते, तिथे भिंतीची ओल शोधा.

आता सर्वांत महत्त्वाचं. विजेच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तापताना ठिबकला, तर घाबरू नका. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं, की जवळजवळ पाव लिटर फुगतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ठिबक थांबवायला तिथे लांबी भरू नका, बूच ठोकू नका. वाट बुजली, तर गिझर फुटू शकतो. गिझर बंद असतानाही ठिबक चालूच राहिली, तर मात्र व्हॉल्व्ह बदलून घ्या.

थांबवायची ती भिंतीतली गळती. व्हॉल्व्हचं ठिबकणं घराच्या भल्यासाठीच असतं.