समुद्राचें अदृश्य कुरण

काळोख्या रात्रीं कोंकणच्या किनाऱ्यावर उभें राहिलें असतां कधीं कधीं एक विलक्षण देखावा दृष्टीस पडतो. फुटणाऱ्या लाटेची कड एकाएकीं निळसर प्रकाशानें उजळते, क्षणभर तेवते आणि विझून जाते. होडीच्या वल्ह्यामागें प्रकाशाची रेघ उमटते. ओल्या वाळूवर पाऊल ठेवावें तों भोंवतीं ठिणग्या चमकतात. २०२० सालच्या नोव्हेंबरांत मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर हा प्रकाश अनेकांनीं पाहिला. हा चमत्कार भुताखेतांचा नव्हे आणि पाण्यांतील मिठाचाही नव्हे. नॉक्टिल्यूका नांवाच्या एकपेशीय जीवाचा तो खेळ आहे. नॉक्टिल्यूका म्हणजे रात्रीं प्रकाशणारी. तिचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा, पुष्कळदां त्याहूनही लहान. आणि तरीसुद्धां ज्या सृष्टींत ती राहते तेथें ती राक्षसीणच म्हणावी लागेल.

समुद्राच्या पाण्यांत असे असंख्य जीव तरंगत असतात. त्यांतील कित्येकांना थोडेंफार पोहतां येतें. परंतु प्रवाहाविरुद्ध जाण्याचें बळ त्यांच्या अंगीं नसतें. पाणी नेईल तिकडे त्यांनीं जावयाचें. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनीं १८८७ सालीं या समूहास ‘प्लँक्टन’ असें नांव दिलें; भटकणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे. मराठींत त्यांस प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाशावर स्वतःचें अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक, आणि त्यांना किंवा एकमेकांना खाऊन जगणारे ते प्राणिप्लवक, असे त्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात.

वनस्पतिप्लवकांत डायाटम हा वर्ग फार महत्त्वाचा. त्यांना करंडक वनस्पति असेंही म्हणतात आणि तें नांव अगदीं सार्थ आहे. प्रत्येक डायाटम कांचेसारख्या सिलिकेच्या कवचांत राहतो. तें कवच कुंकवाच्या करंड्याप्रमाणें दोन भागांचें असतें. वरचें झांकण किंचित् मोठें, खालचा भाग त्यांत नेमका बसणारा. एका जीवाचे दोन होतांना प्रत्येकाच्या वांट्यास एकेक भाग येतो. मिळालेला भाग झांकण मानून प्रत्येकजण त्याच्या आंत बसणारा नवा भाग घडवितो. साहजिकच ज्याला मूळचा खालचा भाग मिळाला, त्याचा करंडा थोडा लहान होतो. पिढ्यान् पिढ्या असें लहान होत गेल्यावर शेवटीं नर व मादी पेशींचा संयोग घडून पुन्हां पूर्ण आकाराचा डायाटम जन्मास येतो.

डायाटमांखेरीज आणखी कितीतरी प्रकार आहेत. चाबकासारख्या दोन शेपट्या हलवीत गिरक्या घेणारे डायनोफ्लॅजेलेट आहेत. अंगावर चुन्याच्या चकत्यांचें चिलखत वागविणारे कोकोलिथोफोर आहेत. इंग्लंडांतील डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः अशाच, कोट्यवधि वर्षांपूर्वीं सांचलेल्या चकत्यांचे बनलेले आहेत. सर्वांत लहान प्रोक्लोरोकॉकस. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही तो लहान असल्यामुळें १९८८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत त्याचा पत्ता जगाला नव्हता. उष्ण व स्वच्छ समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यांत त्याच्या १ लाखापर्यंत पेशी असूं शकतात.

प्राणिप्लवकांत कोपेपॉडांची संख्या मोठी. बहुधा तांदळाच्या दाण्याहून लहान असे हे कवचधारी प्राणी पायांनीं वल्हीं मारल्याप्रमाणें पाणी मारीत फिरतात आणि वनस्पतिप्लवकांवर चरतात. खेकडे, कोळंबी, कालवें आणि बहुतेक समुद्री मासे यांचें बालपणही प्लवकांतच जातें. बाजारांत सुकवून विकला जाणारा जवळा हाही याच तरंगत्या जमातीपैकीं होय.

पृथ्वीवरील सर्व वनस्पति मिळून सूर्यप्रकाशावर जेवढें अन्न निर्माण करतात, त्याचा जवळजवळ निम्मा वांटा समुद्रांतील या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. आश्चर्य असें कीं, सर्व वनस्पतींच्या एकूण वजनांत त्यांचें वजन शेंकडा १ सुद्धां भरत नाहीं. याचें कारण साधें आहे. वडाचें झाड शेंकडों वर्षें आपलें लांकूड सांठवीत राहतें; प्लवक कांहींच सांठवीत नाहीं. आठवड्याभरांत बहुतेक पीक वाढतें आणि खाल्लेंही जातें. वाढीबरोबर चराई चाललेली असल्यामुळें हें कुरण भरलेलें क्वचितच दिसतें, परंतु त्याचें उत्पन्न अखंड चालूं असतें.

या कुरणास दोन गोष्टी लागतात: ऊन आणि खत. ऊन वरून मिळतें, पण तें फार तर १०० ते २०० मीटर खोलीपर्यंतच उपयोगी पडतें. खत म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, लोह आणि डायाटमांसाठीं सिलिका. मेलेले जीव तळाकडे जात असल्यामुळें हें खत खालच्या काळोख्या, थंड पाण्यांत सांठतें. वरचें पाणी ऊबदार व हलकें असल्यानें खालच्या जड पाण्यावर तरंगत राहतें. ऊन एका मजल्यावर आणि खत दुसऱ्या मजल्यावर, अशी ही अडचण आहे. दोहोंची गांठ घालून देण्याचें काम मुख्यतः वारा करतो.

अरबी समुद्रांत हें काम वर्षांतून दोनदां होतें. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यालगतचें वरचें पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागीं खालचें खताळ पाणी वर येतें. केरळ व कर्नाटक यांच्या किनाऱ्यांवरही असाच प्रकार घडतो. पुढें हिंवाळ्यांत ईशान्येचे थंड, कोरडे वारे उत्तर अरबी समुद्राचा पृष्ठभाग निववितात. निवालेलें पाणी जड होऊन खालीं बसतें व खालचें वर येतें. शेतकरी जमीन नांगरतो, तशीच ही समुद्राची नांगरणी होय.

या पिकाचा हिशेब कोळ्यांच्या जाळ्यांत लागतो. जेम्स हॉर्नेल व रामस्वामी नायडू यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मलबारच्या तारल्यांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांच्या खाद्यांतील डायाटमांचें महत्त्व दिसून आलें. पुढें १९५५ सालीं फ्रॅजिलेरिया ओशियानिका या एका डायाटमाचा बहर आणि तारल्यांची समृद्धि यांचा संबंध दाखविण्यांत आला. बांगडाही प्लवकांवरच जगतो, आणि सुरमईसारखे मोठे मासे या लहान माशांवर. अन्नाच्या सांखळींत दर पायरीस सुमारें दहावा हिस्साच पुढें जातो. तारली बरेंचसें अन्न थेट पहिल्या पायरीवरून घेते, म्हणूनच तिचे थवे एवढे अफाट असूं शकतात.

येथें एक प्रश्न उभा राहतो. एकाच पाण्यांत, त्याच उन्हावर आणि त्याच खतावर शेंकडों जाति एकत्र कशा नांदतात? सर्वांत समर्थ जातीनें इतरांस हुसकून कां लावूं नये? १९६१ सालीं जी. एव्हलिन हचिन्सन या शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न ‘प्लवकांचा विरोधाभास’ या नांवानें मांडला. त्याचें एक उत्तर असें कीं, समुद्र फार काळ एका स्थितींत राहतच नाहीं. एखाद्या जातीचा विजय पुरा होण्याआधींच वारा पालटतो, पाणी ढवळतें आणि दुसरीची पाळी येते. ढवळलेल्या खताळ पाण्यांत डायाटम पुढें सरसावतात. पाणी स्थिरावून खत सरत आलें कीं डायनोफ्लॅजेलेट व इतर सूक्ष्म जाति जोर धरतात. ही विविधता बऱ्याच अंशीं ऋतुचक्राची देणगी आहे. मग ऋतूंचा ताल बिघडला तर काय होईल?

हा प्रश्न आतां केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. नॉक्टिल्यूकाचे दोन प्रकार आहेत. तांबडा प्रकार केवळ दुसऱ्यांना खाऊन जगतो. हिरव्या प्रकाराच्या पोटांत मात्र हजारों सूक्ष्म हिरव्या वनस्पति राहतात आणि प्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानास पुरवितात. ही शिकारही करते आणि घरची शेतीही राखते. बाहेरचें अन्न कमी पडलें तरी तिचें फारसें अडत नाहीं. उत्तर अरबी समुद्रांतील हिंवाळी पीक पूर्वीं मुख्यतः डायाटमांचें असे. २००० सालानंतर तेथें या हिरव्या नॉक्टिल्यूकाचे विस्तीर्ण थर वारंवार दिसूं लागले. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं या बदलाचा संबंध प्राणवायु कमी असलेल्या पाण्याच्या प्रसाराशीं जोडला. २०२० सालीं त्यांनीं आणखी असें मांडलें कीं, हिमालय व तिबेट येथील बर्फ घटल्यामुळें हिंवाळी वारे पूर्वींइतके थंड व कोरडे राहत नाहींत आणि समुद्राची नांगरणी उथळ होते. प्राणवायूविषयींचें पहिलें कारण सर्वांना मान्य नाहीं. कांहीं संशोधकांना अशा थरांच्या पाण्यांत प्राणवायूची उणीव आढळली नाहीं.

कारण कोणतेंही असो, परिणामाची चिंता खरी आहे. कोपेपॉडांना एवढी मोठी नॉक्टिल्यूका सहसा खातां येत नाहीं. तिच्यावर सॅल्प व जेलीफिश यांसारखे लिबलिबीत प्राणी चरतात, आणि त्यांना खाणारे मासे थोडे. डायाटमापासून निघालेली वाट कोपेपॉडावरून माशापर्यंत व माशावरून जाळ्यापर्यंत येते. ही दुसरी वाट बरीचशी मध्येंच संपते. कुरण हिरवेंगार दिसावें, पण गुरांच्या चाऱ्याचें गवत जाऊन तण माजावें, तसा हा प्रकार आहे. कोंकणच्या किनाऱ्यावरची प्रत्येक चमक ही या बदलाची खूण आहे, असें मात्र समजूं नये. नॉक्टिल्यूका भारताच्या पश्चिम किनाऱ्यास फार पूर्वींपासून परिचित आहे.

समुद्र तापल्याचा आणखी एक परिणाम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं दाखविला. हिंदी महासागराच्या उष्ण पश्चिम भागांत सहा दशकांत वनस्पतिप्लवक शेंकडा २० पर्यंत घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वरचें पाणी अधिक तापून अधिक हलकें झालें कीं दोन मजल्यांमधील दार लागून जातें. केरळांत २०१२ सालीं सुमारें ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ सालीं ती साडेतीन हजार टनही भरली नाहीं. या घसरणीस अति मासेमारीपासून पावसाच्या चढउतारापर्यंत अनेक कारणें सांगतात. परंतु एवढा मोठा हंगाम किती नाजूक पायावर उभा असतो, हें त्यावरून दिसतें.

या कुरणावर आतां आकाशांतूनही नजर ठेवतां येते. हरितद्रव्यानें पाण्याचा रंग पालटतो आणि तो उपग्रहास दिसतो. हा रंग व पाण्याचें तपमान यांवरून मासे कोठें मिळण्याचा संभव आहे, याच्या सूचना हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांस देतें. परंतु तो हिरवा रंग डायाटमांचा कीं नॉक्टिल्यूकाचा, हें निश्चित ठरविण्यास अखेर बारीक जाळें लागतें, पाण्याचा नमुना लागतो आणि सूक्ष्मदर्शकापाशीं बसणारा माणूस लागतो. १९६६ सालीं स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत हें कष्टाचें काम चालतें. रापण ओढणारा मच्छीमार जाळ्याच्या जडपणावरून हंगाम ओळखतो. पण त्या हंगामाचा बराचसा निकाल त्याआधीं कित्येक आठवडे पाण्याच्या थेंबांत लागून गेलेला असतो. त्या थेंबांत डायाटम वाढला कीं दुसरें कोणी, यावर किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांच्या चुली अवलंबून आहेत.