भुतांच्या रात्रीचा गोड पाव

हॅलोविन हे नाव आता खेड्यातल्या मुलांच्याही कानावर आले आहे. कोरलेल्या भोपळ्यात दिवा, चेटकिणीची टोपी, भुतासारखी रंगवलेली तोंडे हे सारे ती मोबाईलवर पाहतात आणि विचारतात, "आई, हे काय गं?" अमेरिकेतला सण आहे, असे सांगून आपण मोकळ्या होतो. पण या सणाचे माहेर अमेरिका नव्हे. ते आहे आयर्लंड, आणि तेही तिथल्या शेतकऱ्याचे घर.

३१ ऑक्टोबरची ही रात्र. पीक घरात आले, डोंगरावरच्या कुरणातली गुरे खाली आणली, की तिकडे उन्हाळा सरला आणि हिवाळा लागला असे धरीत. ऋतूंच्या या सांध्यावर मेलेल्यांना आपल्या जगात यायला वाट मोकळी होते, अशी जुनी समजूत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस ठरला, आणि जुने-नवे एकमेकांत मिसळून गेले. मृतात्म्यांच्या रात्री चुलीत विस्तव राखून, दाराला कडी न लावता, पाण्याचे भांडे भरून ठेवून घरची माणसे झोपत. येणारी भुते म्हणजे आपलीच गेलेली माणसे! पितृपक्षात पान वाढणाऱ्या बाईला हे निराळे समजावून सांगायला नको.

भोपळ्याचा मान नंतरचा. आयर्लंडातली मुले सलगमचा कंद पोखरून त्याला डोळे-दात कोरीत आणि आत दिवा ठेवीत. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली, तितकीच देश सोडून निघाली. त्यांतले पुष्कळजण अमेरिकेला गेले, आणि त्यांच्याबरोबर हा सणही गेला. तिथे कोरायला सोपा असा मोठा भोपळा आयताच मिळाला.

आता पावाकडे वळू. त्याचे नाव बार्मब्रॅक, म्हणजे ठिपक्यांचा पाव. बेदाण्यांचे ठिपके असतात म्हणून. पण मुलांचे डोळे बेदाण्यांवर नसतात. पिठात काही वस्तू लपवलेल्या असतात आणि ज्याच्या कापात जे निघेल ते त्याचे वर्षाचे भविष्य. अंगठी निघाली तर वर्षाच्या आत लग्न. नाणे निघाले तर पैसा. वाटाणा आला तर यंदा लग्नाचे नाव नको. काडी आली तर संसारात कुरबुर. आणि कापडाची चिंधी आली तर गरिबी!

चिंधी कशाला घालायची, असे तुम्ही म्हणाल. मलाही पहिल्यांदा तसेच वाटले. पण ज्या घराने बटाटा शेतातच कुजताना पाहिला, त्या घरातल्या पोरांना वाईट वर्ष काय असते ते कोणी सांगायला नको होते. आपल्या पोरांनाही ते कळते, आपण कितीही लपवले तरी. ज्याच्या वाट्याला चिंधी येते त्याला सगळे हसतात, तोही हसतो, आणि पाव संपतो. म्हणून मी तर म्हणेन, चिंधी घालाच. काडी मात्र मी वगळते.

घरात भट्टी नाही म्हणून अडू नका. आयर्लंडच्या शेतघरातही ती क्वचितच असे. तिथे तीन पायांच्या सपाट बुडाच्या लोखंडी भांड्यात पाव ठेवून झाकणावर निखारे पसरीत.

आदल्या रात्री ३०० मिलिलिटर गरम कोऱ्या चहात १२५ ग्रॅम साखर विरघळवा. किसलेला गूळही चालेल. चहा गार झाला की त्यात ३५० ग्रॅम बेदाणे भिजत घाला. तासगावकडचे असले तर उत्तमच. सकाळपर्यंत ते टचटचीत फुगतात. २२५ ग्रॅम मैद्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनी-लवंगेची पूड, थोडे जायफळ आणि चिमूट मीठ मिसळून चाळून घ्या. त्यात एक फेटलेले अंडे आणि चहासकट बेदाणे घालून कालवा. अंडे चालत नसेल तर तीन मोठे चमचे घट्ट दही घाला. पाव जरा दडस होतो, चवीला कमी नाही. कालवण्याचे काम मुलांनाच द्या. पीठ सांडेल, सांडू द्या.

नाणे आणि अंगठी उकळून घ्या. चिंधीही उकळून वाळवा. प्रत्येक वस्तू बटर पेपरच्या मोठ्या तुकड्यात गुंडाळा, म्हणजे दाताखाली येण्याआधी डोळ्यांना दिसेल. पाच वर्षांच्या आतले मूल पंगतीला असेल तर त्याचा काप स्वतः कुस्करून पाहिल्याशिवाय हातात देऊ नका. घास घशात अडकायला क्षण पुरतो.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू तापवा. तूप लावलेला डबा तीवर ठेवा, झाकण घालून वर निखारे पसरा आणि खालचा जाळ मंद ठेवा. एक ते सव्वा तास लागतो. निखाऱ्यांपाशी मुलांना येऊ देऊ नका. सुरी खुपसून कोरडी निघाली की पाव झाला. गार झाल्याशिवाय कापायचा नाही, नाहीतर चुरा होतो. कापाला लोणी लावून खातात. दुसऱ्या दिवशी तो अधिक चांगला लागतो, उरला तर!

आणि हो, अंगठी साधी स्टीलची घाला. सोन्याची घातलीत तर भुतांआधी सासूबाईच उभ्या राहतील.