वनयात्रा आणि ग्रामसेवा – लेखांक ७ : आधी यजमान, मग पाहुणा

केनियातील मसाई मारा अभयारण्यातील प्रवेशशुल्क, परवाने आणि तेथील गावांत सेवेसाठी राहू इच्छिणाऱ्याने आधी विचारून घ्यावयाचे प्रश्न यांचा तपशील या लेखांकात देण्याचे मी कबूल केले होते. तो पुढील आठवड्यावर ढकलणे भाग पडत आहे, कारण पोलादपूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र हाती आले असून त्यातील प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की, त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. ते विचारतात की, ज्या तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे डोंगर खचून माणसे गाडली गेली, त्या तालुक्यातील मुलाने सेवेसाठी केनियात का जावे; आणि ग्रामसेवा व वन्यजीवदर्शन यांची सांगड घालता येत असेलच, तर ती सावित्रीच्या खोऱ्यात का घालू नये?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दूरदेशी जाऊन माणूस जे शिकतो, ते घरी बसून शिकता येत नाही, म्हणून ज्याला ऐपत आणि उत्कंठा आहे त्याने अवश्य जावे. परंतु आपल्याच खोऱ्यात जे चालले आहे त्याची ओळखही न करून घेता जो जाईल, त्याला तेथे काय पाहावे हे कळणार नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र हा सबंध लेखांक खर्ची घालणे मला आवश्यक वाटते.

महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर आणि महाड यांना स्पर्श करीत बाणकोटाशी समुद्रास मिळणारी सावित्री ही वन्यजीवांच्या दृष्टीने दरिद्री नदी नव्हे. महाडच्या आसपास तिच्या पात्रात मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. महाड तालुक्यातच काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे, तेथे वरदायिनी देवीच्या धाकाने आणि भक्तीने मासा मारला जात नाही, आणि म्हणून महाशीर जातीचे मोठमोठे मासे माणसाच्या चाहुलीने पळण्याऐवजी उलट काठाशी गोळा होतात. तेथे वनखात्याचा हुकूमनामा लावावा लागला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हेच तेथील संरक्षण. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७५ च्या सुमारास देवरायांविषयी जे लेखन केले, त्याचा गाभाही हाच होता की, गावाने आपले मानून राखलेले जंगल हे सरकारी राखीव जंगलाइतकेच, कित्येकदा त्याहूनही अधिक, निष्ठेने टिकते.

पण धाक आणि भक्ती जेथे नाही, तेथे काय करावे? याचे उत्तर महाडकरांनीच शोधले आहे. महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, म्हसळे तालुक्यातील चिरगावी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी दीर्घकाळ काम केले आहे. गिधाडांचा नाश कशाने झाला हे आता निर्विवाद आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेले गुरू मेले आणि त्याचे मांस गिधाडाने खाल्ले की, त्याची मूत्रपिंडे निकामी होतात; या एका कारणाने भारतातील तीन जातींची गिधाडे नव्वदच्या दशकापासून शंभरातील पंचाण्णवांहून अधिक नाहीशी झाली. २००६ साली पशुवैद्यकातील या औषधावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय पुढे आला; परंतु हे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी भरून निघण्यास पिढ्या लागतात. आता चिरगावसारख्या गावात गिधाडाचे आयुष्य कोणाच्या हाती आहे, याचा विचार करावा. घरट्याचे उंच झाड न तोडणारा जमीनमालक, आजारी बैलाला कोणती सुई टोचली जाते हे विचारणारा शेतकरी आणि गुरू मेल्यावर ते पुरण्याऐवजी गिधाडांसाठी संस्थेला निरोप धाडणारा गुराखी, या तिघांच्या हाती ते आहे. पाहुण्याने महिनाभर येऊन खड्डे खणले, भिंती रंगविल्या, तरी या तिघांचा निर्णय तो करू शकत नाही.

आणि येथेच मसाईंचा देश एकाएकी आपल्या शेजारी येऊन उभा राहतो. डिसेंबर २०१५ मध्ये मसाई मारातील सुप्रसिद्ध ‘मार्श प्राइड’ या सिंहकळपावर विषप्रयोग झाला आणि दूरचित्रवाणीमुळे जगभर परिचित झालेली बीबी नावाची सिंहीण त्यात मेली. सिंहाने गाय मारावी, संतापलेल्या गुराख्याने उरलेल्या मांसावर कीटकनाशक टाकावे, आणि त्या विषाने सिंहाबरोबर गिधाडेही मरावीत, असा हा क्रम त्या प्रदेशात वारंवार घडतो. औषधाचे विष अजाणता दिलेले आणि हे विष जाणूनबुजून दिलेले, एवढा भेद सोडला तर दोन्ही ठिकाणी वन्यप्राण्याच्या जीविताचा निकाल गुरे राखणाऱ्याच्या अंगणात लागतो. ब्रिटिश सत्तेशी झालेल्या १९०४ आणि १९११ च्या करारनाम्यांनी मसाईंची कुरणे कशी गेली आणि १९१३ साली त्यांची फिर्याद कशी फेटाळली गेली, ही हकीकत नियमित वाचकांना स्मरत असेलच. ज्याच्याकडून जमीन काढून घेतली, त्याच्याकडूनच सिंहावर माया करण्याची अपेक्षा धरणे हा अन्याय होता, आणि त्याची जाणीव होण्यास फार काळ लागला. २००५ पासून मारालगतच्या मसाई जमीनमालकांनी आपली जमीन संरक्षित क्षेत्रासाठी भाडेपट्ट्याने देऊन पर्यटनाच्या उत्पन्नातून नियमित भाडे घेण्यास प्रारंभ केला. २००७ पासून केनियातीलच अंबोसेलीच्या परिसरात ‘लायन गार्डियन्स’ या उपक्रमात मसाई तरुणच सिंहांचा माग काढून गुराख्यांना वेळीच सावध करू लागले आणि हरवलेली गुरे शोधून देऊ लागले. जेथे हे घडले, तेथे सिंहाला गावात मित्र लाभला.

आपल्याकडे या मार्गाचे सर्वांत पूर्ण उदाहरण सावित्रीच्या मुखापाशी, बाणकोटाच्या शेजारी आहे, आणि ते म्हणजे नाना फडणविसांचे वेळास. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करीत फिरत असता त्यांना येथील किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परतते. ती अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्री यांच्या तोंडी जात असत. गावातील माणसांनाच हाताशी धरून पहाटे किनारा धुंडाळणे, अंडी अलगद उचलून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खळग्यात पुरणे आणि सुमारे पन्नास दिवसांनी निघालेली पिले समुद्रात सोडणे, हा परिपाठ तेव्हा सुरू झाला. चार वर्षे हे काम अंगवळणी पडल्यावर, २००६ साली, कासव महोत्सव भरविण्यात आला आणि पाहुणे आले. ते उतरले ग्रामस्थांच्या घरी, जेवले त्यांच्याच पंक्तीला मोदक आणि सोलकढी, आणि त्यांनी दिलेले पैसे राहिले त्याच घरात.

हा क्रम माझ्या मते या सर्व विषयाची किल्ली आहे. वेळासला आधी रक्षण आले, मग रक्षक आले ते गावचेच, आणि पाहुणा सर्वांत शेवटी आला. पाहुण्यासाठी काम निर्माण केलेले नव्हते. काम चालूच होते आणि पाहुण्याला त्यात जागा मिळाली. याच्या उलट क्रम जेथे असतो, म्हणजे आधी शुल्क भरलेला स्वयंसेवक आणि मग त्याच्यासाठी शोधलेले काम, तेथे शाळेची तीच भिंत दर हंगामात रंगविली जाते आणि पंधरा दिवसांच्या शिक्षकामागून दुसरा पंधरा दिवसांचा शिक्षक येतो. २०२१ च्या महापुरानंतर महाडात ज्यांनी मदतकार्य पाहिले, त्यांना हे सांगावयास नको की, ‘काय हवे?’ असे आधी विचारून फावडी आणि घमेली घेऊन आलेला माणूस खरा उपयोगी पडला.

म्हणून पत्रलेखकांना माझे उत्तर असे आहे. सांगड घालता येते, आणि आपल्या खोऱ्यात ती घातलीही गेली आहे. मात्र तिची मुखत्यारी गावाकडे असली पाहिजे. जेथे ती तशी आहे, तेथे घरगुती पाहुणा म्हणून राहणे, योग्य मोबदला देणे आणि सांगितले तेवढेच काम करणे हीच पुरेशी सेवा होय, मग ते गाव वेळास असो की मारालगतची मसाई वस्ती.

वेळासला कासवाची पिले बाहेर पडण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असा असतो. ज्यांना जावयाचे आहे त्यांनी गावात आधी चौकशी करून, शक्यतो रविवारची गर्दी टाळून जावे, पिलांवर प्रकाशझोत टाकू नये, आणि त्या दिवशी एकही पिलू निघाले नाही तरी यजमानांकडे तक्रार करू नये. मसाई माराचे परवाने आणि खर्च यांचा तपशील पुढील लेखांकी निश्चित देईन.