नंदुरबार परिसरातील स्मृतिस्थळे

नंदुरबार परिसरातील स्मृतिस्थळे ही महाराष्ट्राच्या वायव्य भागातील तापी नदीच्या खोऱ्यात आणि त्यालगतच्या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली ऐतिहासिक महत्त्वाची ठिकाणे आहेत. नंदुरबार शहरातील हुतात्मा स्मारक, तळोदा तालुक्यातील रावलापाणी आणि तापीकाठचे प्रकाशे ही त्यांपैकी तीन प्रमुख स्थळे होत. पहिल्या ठिकाणी हुतात्म्यांची नावे सर्वपरिचित आहेत, दुसऱ्या ठिकाणी घटनेची खूण खडकावर उरली आहे, तर तिसऱ्या ठिकाणी इतिहास मातीच्या थरांत दडलेला होता.

प्रादेशिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात हा सर्व भाग धुळे हे मुख्य ठिकाण असलेल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. रनाळे हे गाव नंदुरबार तालुक्यात आहे. गुजरातची सीमा जवळ असल्यामुळे येथील बाजारपेठांत मराठी व अहिराणीबरोबर गुजराती भाषाही रुळलेली आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. या भाषिक व सामाजिक वैविध्याचा ठसा येथील स्मृतिस्थळांवरही दिसतो.

हुतात्मा स्मारक, नंदुरबार

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला आणि पाठोपाठ राष्ट्रीय नेत्यांना अटक झाली. नेतृत्व तुरुंगात गेल्यामुळे ठिकठिकाणी विद्यार्थी व तरुण स्वतःहून पुढे आले. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांनी मिरवणूक काढली. तिच्या अग्रभागी तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता होता. त्याचा जन्म 28 डिसेंबर 1926 रोजी एका गुजराती भाषक व्यापारी कुटुंबात झाला होता. त्या वेळी त्याचे वय 15 वर्षांचे होते. मिरवणूक शहराच्या मध्यवर्ती चौकात आली असता पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमारसह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांना वीरमरण आले.

या घटनेच्या स्मरणार्थ शहरात स्मारक उभारण्यात आले असून दरवर्षी 9 सप्टेंबरला तेथे अभिवादन केले जाते. शालेय इतिहासातून ही घटना राज्यभर पोहोचली आहे. बाजारपेठेच्या गावात, दिवसाउजेडी आणि नागरिकांच्या डोळ्यांदेखत ती घडली. मृतांची ओळखही गावाला होती. त्यामुळे पाचही नावे स्मरणात टिकून राहिली.

रावलापाणी

तळोदा तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) येथील संत गुलाम महाराज यांनी आदिवासी समाजात 'आप' पंथाचा प्रसार केला. लहानथोर सर्वांनी एकमेकांना 'आप' असे आदराने संबोधावे, मद्यपान सोडावे, स्वच्छता पाळावी आणि सामुदायिक आरतीसाठी एकत्र यावे, अशी त्यांची शिकवण होती. ज्या समाजाला बाहेरच्यांकडून एकेरी हाक ऐकण्याची सवय लावली गेली होती, त्या समाजासाठी हे संबोधन आत्मसन्मानाचे साधन ठरले. 19 जुलै 1938 रोजी गुलाम महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू संत रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले.

2 मार्च 1943 रोजी रावलापाणी येथे रामदास महाराजांच्या अनुयायांवर ब्रिटिश सत्तेच्या सशस्त्र दलाने गोळीबार केला. त्यात अनेक आदिवासी मृत्युमुखी पडले. येथील खडकांवरील गोळ्यांच्या खुणा या घटनेची साक्ष म्हणून दाखविल्या जातात. दरवर्षी 2 मार्चला येथे हुतात्म्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. नंदुरबारच्या गोळीबारानंतर सहा महिन्यांच्या आत घडलेली ही घटना जिल्ह्याबाहेर मात्र तुलनेने कमी परिचित आहे. आप पंथीयांच्या सामूहिक स्मृतीने ती जपली आहे.

प्रकाशे

शहादा तालुक्यातील प्रकाशे हे गाव तापी व गोमाई या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. केदारेश्वर व इतर शिवमंदिरांमुळे ते 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. येथील प्राचीन वस्तीच्या टेकाडाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या वतीने बा. कृ. थापर यांनी 1950च्या दशकात केले.

एकाच जागी शतकानुशतके घरे बांधली व पडली की मातीचे थर एकावर एक साचतात. वरचे थर अलीकडचे आणि तळाचे सर्वांत जुने असतात. प्रकाशे येथे तळाच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. त्यांत माळवा व जोर्वे या संस्कृतींशी संबंधित रंगीत मृद्‌भांड्यांचा समावेश होता. त्यावरच्या थरांत लोहयुगीन व ऐतिहासिक काळातील वस्तीचे पुरावे आढळले. तापीचे खोरे हा माळवा, गुजरात आणि दख्खन यांना जोडणारा प्राचीन मार्ग होता, या मताला या अवशेषांनी पुष्टी मिळाली.

महत्त्व

चौकातील स्मारक सहज नजरेस पडते. टेकाड व खडक यांचे महत्त्व मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. टेकाडाची माती शेतीसाठी वा बांधकामासाठी उचलली गेली, तर थरांचा क्रम कायमचा नष्ट होतो. खडकावरील खुणा झिजल्या, तर त्या पुन्हा कोरता येत नाहीत. त्यामुळे अशा स्थळांच्या जतनात वास्तूच्या देखभालीइतकेच स्थानिक आठवणींची नोंद आणि परिसराचे संरक्षण यांनाही महत्त्व आहे.