मक्याच्या दाण्यांचं कापड

साडीच्या दुकानात गिऱ्हाईक आधी पदर चिमटीत धरून बघतं, भाव मग विचारतं. बोटांना नेमकं काय कळतं? कापड सपाट नसतं, हे. आडवा धागा उभ्यावरून जातो तिथे इवलीशी टेकडी होते, खालून जातो तिथे दरी. मांजरपाटात हा चढउतार पावलोपावली, म्हणून उजेड चहूकडे विखुरतो. साटीनमध्ये धागा बरंच अंतर वरूनच जातो, आणि ते ओल्या फरशीसारखं चमकतं.

कापडाचा हा पोत पेन्सिलीने कसा काढणार? कागदावरची सावली हलत नाही.

बाऊहाऊस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या विणकर ॲनी आल्बर्स १९३३पासून अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवत. तिथे विद्यार्थी पोत दाखवायला मक्याचे दाणे ओळीने मांडत, कागदाला पीळ देत; टाइपरायटरची अक्षरंही एकमेकांवर ठोकत (मला हे सगळ्यात आवडतं). दाण्यांवर बाजूने दिवा धरा: गाठाळ वीणच दिसेल. दिवा सरकवा, सावल्याही सरकतात.

शिवाय दाणे पुन्हा मांडायला दोन मिनिटं पुरतात. मागावरचा ताणा उतरवून नव्याने भरायचा, तर अख्खा दिवस जाऊ शकतो.