फटफटीचे तेल आणि तारा : घरच्या घरी काय करावे, काय टाळावे

गळीत हंगामात आपली मोटारसायकल दिवसभर थांबत नाही. सकाळी तोडणी टोळीकडे, दुपारी गट ऑफिसला, रात्री वीज आली की विहिरीवर मोटार चालू करायला. येताना मागे वाढ्याचा भारा असतोच. अशात गाडी पाणंदीत बंद पडली तर नुसता वेळ जात नाही, तोडीची पाळी चुकते. आमच्या पाहण्यात अशा बिघाडांची दोन कारणे वारंवार येतात : इंजिनात भलतेच तेल, आणि फ्यूजच्या जागी घातलेली तार.

आधी तेलाचे पाहू. घरात ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन असतो. इंजिन ते इंजिन, ओता त्यातलेच लिटरभर, असे सहज वाटते. पण बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकाच तेलात चालतात. म्हणजे त्या एका तेलाने दोन उलट कामे करायची. पिस्टन सहज सरकला पाहिजे, आणि क्लचच्या प्लेटा मात्र सरकता कामा नयेत. मोटारकारच्या काही पातळ तेलांत पेट्रोल वाचावे म्हणून जादा निसरडेपणा आणणारी द्रव्ये घातलेली असतात. ती क्लचमध्ये गेली की प्लेटा एकमेकींना धरत नाहीत. चढाला इंजिन नुसते ओरडते, गाडी काही वेग घेत नाही. मग आपण मिस्त्रीकडून प्लेटा बदलून घेतो, तेल तेच ठेवतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

यासाठी जपानी वाहन उद्योगाने १९९८ साली दुचाकीच्या तेलाची वेगळी कसोटी ठरवली. डब्याच्या मागे 'जासो' आणि त्यापुढे 'एमए' किंवा 'एमए२' असा छाप बघावा. क्लच तेलात असलेल्या गाडीला हेच तेल घ्यावे. 'एमबी' छापाचे तेल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते. डब्यावर छापच नसेल, तर ते तेल क्लचला चालेल याची हमी नाही, मग ते कितीही महाग असो.

डब्यावरचे आकडेही समजून घ्यावेत. १०डब्ल्यू-३० यातला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहते ते. जाड तेल म्हणजे चांगले तेल, ही समजूत सोडावी. थंडीच्या पहाटे गाडी चालू केल्यावर जाड तेल वरच्या भागाला उशिरा पोचते आणि झीज तिथेच होते. पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तोच घ्यावा. राजदूत, येझदी चालवलेल्या वडीलधाऱ्यांच्या हाताला पेट्रोलमध्ये तेल मिसळायची सवय असते. ते दोन-स्ट्रोकचे काम. चार-स्ट्रोकच्या टाकीत तेल घालायचे नसते.

तेल बदलताना गाडी पाच मिनिटे चालवून बंद करावी. कोमट तेलाबरोबर मळही निघून येतो. मधल्या स्टँडवर उभी करून खालचा नट काढावा. त्याचा वायसर दबलेला असेल तर नवा घालावा, नाहीतर थेंब थेंब गळत राहते. लहान गाडीला साधारण लिटरभर किंवा थोडे कमी तेल लागते. मापपट्टी पुष्कळ गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. किलोमीटर पुस्तिकेप्रमाणे धरावेत, पण धुळीत आणि भाऱ्यासकट चालणाऱ्या गाडीचे तेल थोडे आधीच बदललेले बरे. काढलेले तेल पाटात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे.

आता तारा. मोटारीच्या पेटीत फ्यूज उडतो म्हणून जाड तार घातली की पुढे मोटारच जळते, हे आपल्याला माहीत आहे. गाडीचेही तसेच. बॅटरी १२ व्होल्टची आणि फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर त्यातून सुमारे १२० वॅटचाच भार जाणार. हौसेने बसवलेला ५५ वॅटचा एक दिवा एकटाच साडेचार अँपिअर ओढतो. त्यात मोठा हॉर्न जोडला की फ्यूज उडणारच. तो उडतो म्हणून तारा वाचतात. तिथे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घातला, तर पेट्रोलच्या टाकीखालून जाणारी तार तापते. पुढचे सांगायला नको.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर आधी हँडलच्या मानेपाशी बघावे. हँडल वळते तशी तिथली तार घासते. दिवा लावून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे, दिवा लुकलुकला तर दोष तिथेच. दुसरी जागा सीटखाली. उसाच्या कडेला लावलेल्या गाडीत उंदीर शिरतात. कुरतडलेली तार नुसती पिळून चिकटपट्टी लावू नये, पावसाळ्यात तांबे हिरवे पडते. जोड डाक देऊन, वर नळी चढवून घ्यावा. दिवा मंद आणि हॉर्न घोगरा असेल तर चासीला जोडलेली अर्थची तार सोडवून, गंज घासून पुन्हा आवळावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. तिच्या तारांना घरी हात लावू नये. कॅरिअरला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात. काढताना पहिली ऋण, मग धन. जोडताना पहिली धन, शेवटी ऋण. उलट केले आणि पाना चासीला टेकला, तर ठिणगी पडते.