खुलताबाद: सातशे वर्षांची दफनभूमी

वेरूळची लेणी पाहून दौलताबादकडे निघालं की घाट चढून वर खुलताबाद लागतं. तालुक्याचं गाव. जुने दरवाजे, पडका तट, आणि जिकडे पाहावं तिकडे घुमट. बाहेरची माणसं इथे थांबतात ती भद्रा मारुतीसाठी, नाहीतर औरंगजेबाची कबर बघायला. पण औरंगजेबाला इथे पुरलं तेव्हा या दफनभूमीला चारशे वर्षं होत आली होती. तो इथेच का आला, हे कळायचं तर त्याच्या आधीच्या कबरींकडे जायला हवं.

महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली. तेव्हा दिल्लीहून आलेल्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब होते. त्यांचे भाऊ जर जरी जर बक्ष यांचा दर्गाही याच गावात आहे. सुलतान परत गेला, राजधानी गेली. बुऱ्हाणुद्दीन मात्र इथेच राहिले आणि 1337 मध्ये याच मातीत विसावले. पुढे त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराझी यांचीही कबर इथेच झाली. या दोघांचा मान एवढा, की खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीच्या दोन काठांवर दोन गावं वसवली आणि त्यांना यांचीच नावं दिली: बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद. संताच्या सावलीत पुरलं जावं, त्याचा आशीर्वाद मेल्यावरही मिळावा, ही श्रद्धा होती. त्या ओढीने सरदार, सुलतान, कवी एकामागून एक इथे येत राहिले. गावाला लोक रौझा म्हणत.

माझ्या मते या गावातली सर्वांत महत्त्वाची कबर मलिक अंबरची. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला नहरींनी पाणी दिलं, जमिनीची मोजणी करून सारा बसवला. मोगलांना त्याने गनिमी काव्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. त्याच्या फौजेत मराठे होते आणि भातवडीच्या लढाईत शहाजीराजेही होते. 1626 मध्ये तो वारला. त्याचा काळ्या दगडाचा घुमट आजही उभा आहे, आणि जवळच त्याच्या बायकोचा, बीबी करीमाचा.

औरंगजेबाने 1687 मध्ये गोवळकोंडा जिंकला आणि तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा दौलताबादच्या किल्ल्यात डांबला. कैदेतच तो मेला आणि रौझ्यात पुरला गेला. गोवळकोंडा जिंकल्यावर वीस वर्षांनी, 1707 मध्ये, औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. त्याचंही कलेवर इथेच आणलं. हरणारा आणि जिंकणारा आज एकाच गावच्या मातीत आहेत. औरंगजेबाची जागा जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात, त्याच्याच इच्छेप्रमाणे उघड्या आकाशाखाली, मातीवर सब्जा. संगमरवरी जाळी पुढे लॉर्ड कर्झनच्या काळातली. मृत्यूनंतर बादशहाला 'खुल्द-मकान' म्हणू लागले आणि त्यावरून रौझ्याचं खुलताबाद झालं.

यानंतर बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात 1748 मध्ये पहिला निजाम आला. हाच तो, ज्याला पालखेडला बाजीरावाने कोंडीत पकडलं होतं. दोन वर्षांनी त्याचा मुलगा नासिरजंगही तिथेच. आणि कवीही आहेत: निजामुद्दीनांची वचनं लिहून ठेवणारे अमीर हसन सिजझी, आणि 1786 मध्ये वारलेले, अरबी-फारसीत लिहिणारे आझाद बिलग्रामी.

एवढा इतिहास एका छोट्या गावात असताना आपण एकाच कबरीवरून भांडत बसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. वेरूळला जाल तेव्हा दोन तास राखून ठेवा. आधी बुऱ्हाणुद्दीनांच्या आणि जैनुद्दीनांच्या दर्ग्यात जा, मग गावाबाहेर मलिक अंबरपर्यंत चालत या, आणि मुलांना बरोबर न्या.